इन्नंबूरच्या ढिगाचा हिशेब

अगं, परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, हे कोंबडीखत कुणी फुकट नेलं तरी चालेल, पण जाऊ दे एकदाचं." तुझ्या आवाजातला थकवा मला कळला. शेजारणीची वासाची तक्रार, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात घोंगावणाऱ्या माश्या, आणि तुमच्याकडचा पाऊस तोंडावर आलेला. पण तो 'फुकट' शब्द रात्रभर मला टोचत राहिला. म्हणून आज सविस्तर सांगायला बसले. फोनवर तू हो-हो म्हणतेस आणि मधेच कोंबड्यांचं पाणी बघायला पळतेस. लिहिलेलं असलं म्हणजे बाळ झोपल्यावर निवांत वाचशील.

गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा सासूबाईंनी पहाटेच मला तुमच्या इन्नंबूरच्या देवळात नेलं होतं, आठवतंय? एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरं जाणणारा देव. एक जोडपं चिमुरड्याला घेऊन आलं होतं, त्याचं पहिलं अक्षर देवासमोर गिरवून घ्यायला. सासूबाई त्यांच्या त्या जुन्या तंजावरी मराठीत मला कथा सांगत होत्या. चोळ राजाला देवळाच्या कारकुनाच्या हिशेबाचा संशय आला. कारकून बिचारा खरा होता, पण राजापुढे उभं राहायचा धीर होईना. तेव्हा महादेवच त्याचं रूप घेऊन दरबारात गेले आणि सगळा हिशेब समजावून आले. ही कथा माझ्या मनात घर करून राहिली. तुझ्या खताचंही तसंच आहे गं. खत खरं आहे, फक्त त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

तर वही घे. तुझ्या कोंबड्या ५००. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. रोजचे झाले ५० किलो, महिन्याचे दीड टन, वर्षाचे १८ टन. त्यातलं तीन-चतुर्थांश नुसतं पाणी. ते गेलं की साडेचार टन कोरडा माल हातात उरतो. वाळलेल्या कोंबडीखतात सुमारे ३ टक्के नत्र, अडीच टक्क्यांहून थोडं जास्त स्फुरद आणि दीड टक्क्याच्या आतबाहेर पालाश धरतात. आपल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, त्यावरून काय ते समज. तुझ्या पिंजऱ्यांखाली वर्षाला १३५ किलोच्या घरात नत्र पडतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २१ किलोही नत्र नसतं, म्हणजे साडेसहा गोण्या झाल्या. स्फुरद ११५ किलोच्या पुढे जातं, म्हणजे डीएपीच्या पाच गोण्या. आणि हे कुठून आलं? खाद्याच्या पोत्यांतून. त्या पोत्यांचे पैसे तू महिन्याच्या महिन्याला मोजतेस. त्यातला काही भाग अंड्यात गेला, उरलेला खाली पडला. तो तू विकत घेतलेलाच आहे.

आता यातलं हातात किती राहतं ते बघ. तमिळनाडू कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगतं की कोंबडीखत उघडं पडून राहिलं तर महिन्याभरात त्यातलं निम्मं नत्र उडून जातं. म्हणजे तुझ्या साडेसहा गोण्यांतल्या तीन-सव्वातीन गोण्या वाऱ्यावर. शेजारीण ज्या वासानं खिडकी लावून घेते ना, तो वास म्हणजे तुझं उडून चाललेलं नत्र. तिची तक्रार आणि तुझं नुकसान ही एकच गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

हे होतं कसं, ते एकदा जवळून बघ. ताजी विष्ठा काडीनं उलटवून पाहा. काळपट-हिरव्या गोळ्यावर पांढरी साय असते, चुन्यासारखी. तेच कोंबडीचं मूत्र. गाय-म्हैस नत्र पातळ मूत्रातून टाकते, पक्षी ते यूरिक आम्लाच्या रूपात, घट्ट पांढरं असं टाकतात. ही साय कोरडी राहिली तर बरीचशी टिकते. ओल लागली की जिवाणू तिचा युरिया करतात, युरियाचा अमोनिया होतो आणि तो उडतो. म्हणून पहिलं काम खताचं नाहीच, पाण्याच्या नळ्यांचं आहे. एक-एक निप्पल तपास. ज्याच्याखाली खत चिखलासारखं पातळ झालंय, ते गळतंय. माश्यांचंही तेच. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, पण अळीला ओल लागते. गळती थांबली की निम्म्या माश्या तिथेच कमी होतील, औषध न मारता.

आणि चुना टाकायचं आजच्या आज बंद कर. मला माहितीये, वास मारायला सगळे तेच सांगतात. पण ताज्या विष्ठेवर चुना किंवा राख पडली की अमोनिया जास्तच सुटतो. कोंबड्यांच्या डोळ्यांनाही तो बाधतो. शेडमध्ये शिरल्या शिरल्या तुझ्या डोळ्यांत पाणी येत असेल तर त्यांना दिवसभर काय होत असेल?

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी वांगी लावली होती, तुला आठवणार नाही, तू शाळेत होतीस. एका ओळखीच्या शेडवरून ट्रॉलीभर ताजं खत आणलं आणि रोपांच्या बुडाशी ओंजळ-ओंजळ घातलं, वर पाणी सोडलं. मनात केवढा आनंद. पाचव्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या, आठव्या दिवशी रोपं मुळातून करपली. मी वाकून एक रोप उपटलं तर पांढरी मुळं तपकिरी पडलेली, बोटांत मऊ लागणारी. क्षार आणि अमोनियानं भाजली होती ती. शेतकरी कोंबडीखताला उष्ण म्हणतात ते उगाच नाही. उरलेलं खत मी विहिरीजवळ टाकून ठेवलं, कारण तिथून वाहायला सोपं. पहिल्या वळवानं त्याचा काळा ओघळ थेट विहिरीत उतरला. माझ्या सासूबाईंनी घागर नाकाशी नेली आणि खाली ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. दोन महिने आम्ही पाणी लांबून आणलं. त्या घागरीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे, म्हणून तुला इतक्या कळवळ्यानं सांगतेय.

तुमची जागा तर आणखी नाजूक. कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधली गाळाची पट्टी, जिकडे बघावं तिकडे पाट, भूजल हाताशी. खतातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं आपलं भारतीय मानक सांगतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. आणि हे पाणी उकळून सुधारत नाही गं, उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. तू वरचं दूध करतेस ते बोअरच्या पाण्यात. ते पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घे. या एका बाबतीत मी तुला विचारत नाहीये, सांगतेय.

आता ढीग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं यातच आहे.

कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर आणि कर्ब कमी. भाताच्या पेंढ्यात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. जिवाणूंना दोन्ही लागतं, साधारण एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब. एकट्या विष्ठेत हे प्रमाण दहाच्याही खाली असतं, पेंढ्यात सत्तर-ऐंशीच्या आसपास. दोघांची सोयरीक झाली की जिवाणू नत्र स्वतःच्या अंगात बांधून घेतात, ते उडत नाही. आणि तुझं नशीब बघ, पेंढा तुझ्या दारात. वैक्कोल म्हणतात ना तुमच्याकडे? वजनानं बरोबरीला बरोबरी उत्तम. पेंढा कमी पडला तर शंभर किलो ओल्या विष्ठेला निदान साठ-सत्तर किलो. त्याखाली जाऊ नकोस. ज्या बायका गादी पद्धतीनं, तुसावर कोंबड्या पाळतात, त्यांचं अर्धं काम तुसानं आधीच केलेलं असतं, त्यांना पेंढा बराच कमी लागतो. तू पिंजरेवाली, तुला घालावाच लागणार.

पेंढा अख्खा नको, चार बोटं लांबीचे तुकडे कर. रोज सकाळी पिंजऱ्यांखाली पातळ थर पसर, म्हणजे विष्ठा पडेल ती पेंढ्यावर. पंधरवड्यानं ते सगळं ओढून ढीग लाव. खाली वीतभर जाडीचा कोरडा पेंढा, त्यावर मिश्रण, सर्वांत वर पुन्हा पेंढ्याचं पांघरूण. उंची चार फूट, रुंदी पाच फूट, लांबी मालाप्रमाणे. तीन फुटांच्या खाली ढीग तापत नाही, पाच फुटांच्या वर गेला तर स्वतःच्या वजनानं दबून आत हवा राहत नाही.

ओल मोजायला तुझी मूठ पुरे. मिश्रण मुठीत घेऊन जोरात आवळ. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले आणि मूठ उघडल्यावर गोळा मोडला नाही, की ओल बरोबर. पाणी ओघळलं तर पेंढा वाढव. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपड. पेंढा जास्त असला की पाणी घालावं लागतंच, घाबरू नकोस.

मग एक लांब सळई ढिगाच्या पोटात खुपसून ठेव. रोज सकाळी ओढून हातानं बघ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोमट, पाचव्या दिवशी अशी की मुठीत धरवत नाही. तेव्हा आत ५५ ते ६५ अंश असतात. याच तापात रोगजंतू, माशीच्या अळ्या, तणाचं बी मरतं. पाचव्या दिवशी एका बाजूनं दाताळ्यानं ढीग उघड. वाफ तोंडावर येईल, आणि आतल्या पेंढ्यावर राख फुंकल्यासारखी पांढरट बुरी दिसेल. ती पाहून दचकू नकोस, ती उष्णतेत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जिवाणूंची असते, ढीग जिवंत असल्याची खूण. वासही बदललेला असतो. डोळ्यांत झोंबला तर पेंढा कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा आला तर ओल जास्त, हवा कमी. ओल्या मातीसारखा आला की तुझं जमलं.

ढीग चाळणं, म्हणजे दाताळ्यानं खालीवर करणं, टाळू नकोस. बाहेरचा हातभर थर कधीच तापत नाही, तो आत गेला तरच त्यातले जंतू मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या ढिगाला ५५ अंशांच्या वर पंधरा दिवस आणि तेवढ्यात पाच वेळा चाळणी सांगितली आहे. मजुरी परवडत नसेल तर निदान पहिल्या तीन आठवड्यांत चार-पाच वेळा तरी होऊ दे. प्रत्येक चाळणीनंतर सळई पुन्हा तापते. चाळूनही ती तापेनाशी झाली की ढीग मुरायला ठेव, महिना-दीड महिना. एकूण अडीच-तीन महिने धर.

तुला कुणीतरी नाडेप सुचवेल. आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ते नाव पडलं, नाडेपकाका. दहा बाय सहा बाय तीन फुटांचं विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं, आणि चाळायची कटकट नाही. थोड्याशा शेणात ढीगभर पालापाचोळा कुजवायची ती फार मोलाची युक्ती आहे, कोरडवाहू शेतकऱ्याला तिनं आधार दिला. पण कोंबडीच्या विष्ठेला मी चाळायचाच ढीग सांगेन, वर म्हटलं त्या जंतूंच्या कारणानं. टाकं बांधायची हौस असेल तर मुरवायला वापर, भोकांच्या भिंतीत खत छान मुरतं. गांडुळंही त्याच टप्प्यावर सोडता येतील. ताज्या मालात सोडलीस तर बिचारी मरतील.

आणि जावईबापूंच्या डोक्यात बायोगॅसचं आलंय म्हणालीस. नामक्कलला कोंबड्यांच्या विष्ठेवर वीज तयार करणारा प्रकल्प झालाय, ते खरं. पण तुमच्या राज्यातल्या कोंबड्या बघ! २०१९ च्या पशुगणनेत तमिळनाडूत १२ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली, देशात सर्वांत जास्त. आपल्या महाराष्ट्रात साडेसात कोटींच्या आत. पाचशे कोंबड्यांच्या एकट्या विष्ठेवर गॅस काढायला जाल तर अमोनियामुळे टाकी मंदावेल. घरची गोबरगॅस टाकी असेल तर शेणाच्या काल्यात थोडी मिसळा, पाण्यानं पातळ करून. तेवढंच.

तुमचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून. ऐप्पसी महिन्यात तो एकदा लागला की खंड नाही, असं तुझ्या सासूबाईच म्हणत होत्या. उघडा ढीग त्या पावसात टिकणार नाही, सगळं सत्त्व पाटात जाईल. तेव्हा आधी जागा. विहीर, बोअर, पाट यांपासून जितकी लांब जमेल तितकी, आणि उंचवट्यावर. जमीन धुमसून घट्ट कर किंवा जुन्या फरशा टाक, एका बाजूला किंचित उतार दे आणि उताराच्या टोकाला खड्डा. त्यात जमलेला काळा रस फेकायचा नाही, तो पुन्हा ढिगावरच ओतायचा. वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर चालेल, पण दोरखंडानं आवळून बांध. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा वादळ वेदारण्यमजवळ धडकलं तेव्हा तुमच्या त्या भागानं नारळ मुळासकट पडताना पाहिलेत, झावळ्यांची काय कथा.

खत तयार झालं हे कसं कळेल? पेंढा ओळखू येत नाही, रंग कॉफीच्या चोथ्यासारखा, हाताला गार. माझी परीक्षा मुगाची. दोन वाट्या घे, एकीत नुसती माती, दुसरीत निम्मं खत निम्मी माती. दोन्हींत दहा-दहा मूग पेर. दोन्हीकडे सारखे उगवले, मुळं पांढरी राहिली, तर खत शेतात जायला तयार. खताच्या वाटीतले मागे पडले तर आणखी पंधरा दिवस थांब. माझ्या वांग्यांच्या वेळी दहा मूग पेरून पाहिले असते तर अख्खा वाफा वाचला असता.

आता किती टाकायचं. इथे बहुतेक जण चुकतात, चांगले अनुभवी शेतकरीसुद्धा. तुझा भात दोन एकर, कुरुवै आणि ताळडी अशी दोन पिकं. भाताला तुमच्या भागात हेक्टरी ५० किलो स्फुरदाची शिफारस असते, म्हणजे एकरी २० किलो एका पिकाला. दोन एकर, दोन पिकं, ८० किलो. नत्र एकरी ६० च्या आसपास धर, वर्षाला २४०. आता तू नत्राची सगळी गरज कोंबडीखतातूनच भागवायची म्हटलंस तर आठ टन कोरडं खत लागेल, आणि त्याबरोबर स्फुरद पडेल २०० किलोच्या वर. गरजेच्या अडीच पट! नत्र उडतं, स्फुरद उडत नाही. ते मातीला चिकटून दरवर्षी साठत जातं, मग मातीबरोबर वाहून पाटात, आणि पाटात जलपर्णी. आपल्याकडच्या नद्यांची दशा तू पाहिलीयेस.

म्हणून माप स्फुरदाचं धर. ८० किलो स्फुरदापुरतं खत स्वतःच्या शेतात, नत्राची तूट हिरवळीच्या खतानं भर, आणि उरलं तर थोडा युरिया. त्यात कमीपणा नाही. चिखलणीच्या आधी पसरून मातीत मिसळ. कच्चं खत उभ्या पाण्यात गेलं तर मुळं गुदमरतात आणि शेतातून मिथेनही जास्त सुटतो. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खतात चुनाही बराच असतो, शिंपल्यांमुळे. जमीन आधीच विम्ल असेल तर हात आखडता ठेव. दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून घे, आणि खाद्यवाल्याला विचार की त्यात फायटेज असतं का. धान्यातलं बरंचसं स्फुरद कोंबडीला पचत नाही, या विकरानं ते पचतं आणि विष्ठेत कमी पडतं.

म्हणजे तुझ्याकडे स्फुरदाच्या हिशेबानं तीसेक टक्के खत जास्तीचं राहिलं. आणि पेंढा? एकरी दोन-अडीच टन एका पिकाला, तुझ्या दोन एकरांत दोन्ही पिकांचा मिळून आठ-दहा टन. ढिगाला लागणार वर्षाला अकरा ते अठरा टन, शिवाय गाईलाही हवा. इथे कमी, तिथे जास्त. मग शेजाऱ्यांकडून पेंढा घे आणि बदल्यात मुरलेलं खत दे. पहिली गाडी त्या तक्रार करणाऱ्या शेजारणीच्या केळीला जाऊ दे. खिडकी लावून घेणारी बाई पुढच्या वर्षी स्वतः पेंढा पाठवेल, हे मी माझ्या गल्लीत अनुभवलंय. फुकट मात्र कुणाला देऊ नकोस. पेंढ्याच्या बदल्यात दिलेलं खत माणूस जपून वापरतो.

कुंभकोणमचे पानमळेवाले तुझ्याकडे येतील बघ. विड्याच्या वेलीला भरखत लागतं, आपल्या मिरजेकडच्या आरग-बेडगच्या मळ्यांत मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांना अर्धकच्चं खत कधीच देऊ नकोस, कितीही पैसे देवोत. विड्याचं पान शिजत नाही गं, हातानं पुसून तसंच तोंडात जातं. कच्चं खत घातल्यावर, मातीला टेकणारं पीक १२० दिवस काढू नये असा त्या अमेरिकी नियमांत दंडक आहे, आणि पानमळ्यात तर खुडणी सतत चालू. म्हणजे कच्च्याला तिथे वेळच नाही. तुझ्या परसातल्या कोथिंबीर, मेथी, मुळ्यालाही हाच नियम.

मेलेली कोंबडी ढिगात घालू नकोस. एखाद-दुसरी असेल तर लांब खोल खड्ड्यात चुना घालून पूर. एकदम पाच-सहा मेल्या, तर कुठेही न हलवता आधी पशुवैद्याला बोलाव. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. त्या वेळी कोंबड्या पुरताना लोकांचे चेहरे कसे झाले होते ते मी वर्तमानपत्रात पाहिलंय, विसरत नाही. ढीग चाळताना नाकाला मास्क, हातात मोजे, आणि शेडच्या चपला वेगळ्या. बाळाला कडेवर घेऊन ढिगाकडे जायचं नाही, कितीही रडलं तरी.

कोंबड्यांना औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारत जा, कारण अँटिबायोटिकचा बराच भाग विष्ठेतून बाहेर पडतो आणि कुजवल्यानं तो सगळा जातोच असं नाही. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून आपल्या देशात जनावरांसाठी बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या कुणी पुढे केल्या तर घेऊ नकोस.

बाई गं, लोकांना या कामाची किळस वाटते. जावा-नणंदा नाक मुरडतील. तेव्हा कणकवलीच्या गोपुरीतल्या अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण ठेव. माणसाच्या मैल्याचं सोनखत करायला शिकवताना त्यांनी स्वतःच्या हातानं सफाई केली, आणि त्या काळात त्याची किंमत काय होती ते आपल्या आजीनं आपल्याला सांगितलंय. तुझ्या हाती तर कोंबडीचंच आहे.

आज-उद्यात निप्पल तपास, चुन्याची पिशवी उचलून ठेव, आणि पेंढ्याची पहिली गाडी मागव. या पंधरवड्यात ढीग लागला तर पोंगलच्या आधी खत हातात येईल, परसातल्या भाजीला आणि केळीला. कुरुवैसाठीचा माल मार्चच्या सुरुवातीला लाव, म्हणजे जूनच्या १२ तारखेच्या सुमारास मेट्टूर धरणाचं पाणी सुटेपर्यंत तो मुरलेला असेल. मी पोंगलला येतेच आहे, मूग माझ्याकडून आणीन. आणि पाचव्या दिवशी सकाळी सळई ओढलीस, की ती हातात धरवली का नाही, तेवढं मला लगेच कळव.